पुढची सर्व्हिस

दाराच्या कडेला गेंदालालनं चिकटवलेली चिठ्ठी:
पुढचं ऑइल ४८,२००.
आकडा अजून अडतीस हजार नऊशेवरच.
स्नेहलतागंज ते सियागंज, मधूनच दातांचा डॉक्टर,
एवढीच चालते ती.

"अरे, किलोमीटर केवढे बाकी आहेत," मी म्हटलं.
त्यानं डिपस्टिक ओढली,
बनियनच्या चिंधीला पुसली, परत बुडवली,
उन्हात धरली.
काळं.
"मावशी, वर्ष झालं की नाही?
उभ्या गाडीचंही तेल म्हातारं होतं."

बॉनेटखाली वाकले.
पट्ट्याला बारीक चीर, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी,
एअर फिल्टरच्या डबीत कडुनिंबाची पानं
आणि एक शेंगदाणा, कुण्या खारीनं जपलेला.

जुनं तेल तसराळ्यात उतरत राहिलं.
तो नवी चिठ्ठी लिहायला बसला.
किलोमीटर नको रे, म्हटलं.
तारीख घाल.