दोन बोटं काळी पट्टी

दुकानातल्या टीव्हीला मधोमध काळी पट्टी आहे,
दोन बोटं रुंद, वरपासून खालपर्यंत.
बॉलरच्या हातून सुटलेला चेंडू तिच्यात शिरतो
आणि बाहेर येतो तेव्हा कधी चौकार असतो,
कधी विकेट.
मधलं आम्ही समजून घेतो.

गिऱ्हाईक सुवैकचं. दोन वर्षं झाली, न्यायला आलं नाही.
पप्पा म्हणतात, पॅनल गेलंय, पैसे घालण्यात अर्थ नाही.
फेकतही नाहीत.

शाळा सुटते दीडला. जेवण, थोडी केमिस्ट्री,
साडेचारला दुकान.
सोहारच्या या गल्लीत तेव्हा कुठे शटरं वर जातात,
उन्हानं तापलेलं कुलूप
मी शर्टाच्या टोकानं धरून उघडतो.
माझं काम: रिमोटचे सेल तपासणं,
मागचं झाकण काढून फुंकर मारणं
(इथली धूळ मैद्यासारखी, नाकात गेली की गोडसर लागते),
स्क्रू बाटलीच्या बुचात ठेवणं,
आणि अरबीत पावती लिहिणं.
पप्पांना अरबी बोलता येतं, लिहिता येत नाही.

घरचा टीव्ही आईचा.
तिची आठची मालिका इथे साडेसहाला लागते.
तिकडे रात्र, इथे खिडकीत अजून उजेड,
आणि त्या उजेडात सासू कारस्थान करते, फिकट फिकट.
भारताची मॅच सहाला.
म्हणून मॅचला पप्पा दुकानात, पट्टीसमोर.

मलाही क्रिकेट आवडतं. म्हणजे, आवडायचं.
गेल्या वर्षी हैथमनं मला लाल जर्सी दिली,
त्याच्या भावाची, खांद्यावर इस्त्रीचा डाग असलेली,
आणि मी शुक्रवारी समुद्रावर
अनवाणी फुटबॉल खेळायला लागलो. डिफेन्सला.
पळायला कमी लागतं असं वाटलं होतं.

सेमीफायनल. पेनल्टीवर गेली.
शेजारच्या कुन्हीमोनच्या चहाच्या दुकानातला टीव्ही
आमच्यापेक्षा दोन सेकंद पुढे असतो.
आधी भिंतीपलीकडे ओरडा होतो,
मग आमच्याकडे गोल.
पाचवी किक. चेंडू पट्टीत गेला,
भिंत तर कधीच ओरडून मोकळी झाली होती.
मी स्टुलावरून उडालो, "जिंकलो!"

पप्पांच्या दातांत स्क्रू होता.
तो काढून त्यांनी विचारलं,
"जिंकलो? कोण जिंकलो?"

शहाबुद्दीनला मराठी येत नाही, तरी तो हसला.

मी "आपण" म्हणणार होतो.
पण त्यांना न विचारता आत ओढल्यासारखं झालं असतं.
"आम्ही" म्हटलं तर ते बाहेर राहतात, एकटे, हातात स्क्रू घेऊन.
माझ्या कार्डावर तिसरंच लिहिलंय:
वडिलांच्या नावावर, अमुक तारखेपर्यंत.
"ओमान जिंकलं," मी म्हटलं.
"हां मग."
स्क्रू परत दातांत.

बाहेर हॉर्न सुरू झाले होते.
हैथमच्या भावाची पिकअप, मागे आठ जण,
एक बकरी, तिच्या गळ्यात मफलर.
मी पप्पांकडे बघितलं, त्यांनी घड्याळाकडे.
"दहाला घरी."
साडेअकरा झाले. कुणी काही बोललं नाही.
आईनं फक्त जर्सी भिजत घातली, वेगळ्या बादलीत,
रंग जातो म्हणून.

फायनलच्या रात्री पप्पांनी
दुरुस्त झालेला पंचावन्न इंची टीव्ही भिंतीला टेकवून लावला,
दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नेणार होतं तो.
कशाला, विचारलं तर म्हणाले,
"चालवून बघायला नको?"
सगळं स्वच्छ दिसलं.
गोली कुठल्या बाजूला पडला, तेही.
या वेळी भिंत दोन सेकंद आधी गप्प झाली.

पप्पा झाकण बसवत होते, मान खाली,
दातांत दोन स्क्रू.
त्यांनी काहीतरी विचारलं.
हरलो का, की हरले का,
शेवटचा स्वर स्क्रूंमध्ये अडकला.
"हो," मी म्हटलं.
त्यांनी न बघता हात पुढे केला.
मी छोटा पेचकस दिला.