शब्दमर्यादा दोनशे

डीनच्या ऑफिसातून फॉर्म आलाय:
निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांची ठळक कामगिरी,
शब्दमर्यादा दोनशे.
विभागाची कारकून मी, म्हणून माझ्याच टेबलावर.

काइसा रिंताला. विषय लेखन. एकतीस वर्षं.
एवढं टाइप करून थांबले आहे.
बाहेर उत्तर मिनेसोटाचा जानेवारी,
बर्फाखाली पार्किंग लॉट,
आणि एक दिवा फुटलेली तिची गाडी.

पुस्तक एकच. स्वल्पविरामांबद्दल.
ग्रंथपाल म्हणाला, सतरा वेळा बाहेर गेलं,
त्यातले नऊ वेळा तिनेच नेलं.
राज्याचं एक पारितोषिकही आहे, जाड काचेचं.
त्याने ती वर्गाचं दार उघडं अडवून ठेवते,
हीटर सुरू झाला की आत कोंदतं म्हणून.

खाणीतली एक पाळी बंद झाली
की आमच्याकडे प्रवेश वाढतात, हे या गावाचं गणित.
कॉरिडॉरभर लाल मातीचे बूट,
रात्रपाळी करून तशाच आलेल्या नर्स,
अंगाला तळणाचा वास असलेली पोरं.
‘मला लिहिता येत नाही’
हे पहिल्या दिवशी सगळे
अगदी स्वच्छ अक्षरात लिहून देतात.
ती म्हणते, ‘वाक्य निर्दोष आहे.
आता ते खोटं पाडा.’

पेन्सिल हिरवी. लाल कधीच नाही,
लाल रंग इथल्या लोकांच्या नखांत आधीच आहे.
पहिला परिच्छेद बहुतेक वेळा आडवा खोडलेला,
समासात बारीक अक्षर:
‘हे घसा खाकरणं झालं.
बोलायला तुम्ही इथून लागलात,’
आणि तिसऱ्या परिच्छेदाकडे बाण.

वॉल्डो नीक्विस्ट. खाणीत ट्रक चालवायचा,
ज्याचं एकेक चाक माझ्या स्वयंपाकघराहून उंच.
सोळा आठवडे तो एकच निबंध लिहीत राहिला:
सोडून दिलेल्या खाणीत पाणी कसकसं चढत गेलं.
फूट, इंच, तारखा. सगळं अचूक.
तिचा प्रश्नही दर वेळी तोच:
‘या पाण्याखाली कोण आहे?’
टर्म संपली, मार्क लागले,
आणि सतराव्या आठवड्यात तो एक पान घेऊन आला.
एका बाहीत हात, दुसरी लोंबतेय,
अशी ती कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या वाचत राहिली.
मार्क बदलले नाहीत.
पान तिच्या ड्रॉवरमध्ये आहे.
दुसरी चावी माझ्याकडे असते.

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

मी तिच्या वर्गात कधी बसले नाही.
पण मुलगा आत होता त्या वर्षी
त्याला लिहिलेलं पत्र तिच्यापुढे सरकवलं,
म्हटलं, स्पेलिंग तेवढं बघ.
तिने ‘माफ कर’ मोजले. अकरा.
दहा खोडले.
‘एक पुरे. बाकीच्यांच्या गर्दीत
तो त्याला सापडला नसता.’
उरला तो सुनावणीच्या दिवसाचा,
ज्या दिवशी मी गेले नव्हते.
हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही.
त्याचं उत्तर आलं. मी तिला दाखवलं नाही,
तिनेही विचारलं नाही.

चार वाजलेत, काचेत आता माझंच तोंड दिसतंय.
एकशे नव्वद शब्द झाले.
‘समर्पित’ आहे, ‘अथक’ आहे,
‘प्रेरणास्थान’ तर दोनदा.
पलीकडून तिचा आवाज येतोय,
कुणाला तरी विचारतेय, ‘म्हणजे नक्की काय?’

पहिला परिच्छेद काढते.
मग दुसरा.
मग बाकीचंही फार वेळ टिकत नाही.

‘सोमवारी घेतलेली पानं तिने बुधवारी परत दिली. एकतीस वर्षं.’

मोजते. नऊ शब्द.
डीन फॉर्म परत पाठवेल.
पाठवू दे.