हिशेब

मखमलाबाद रोडच्या त्या घरात
मी यादी घेऊन गेले:
कठडे, रॅम्प, रात्रीच्या आया किती,
लघवीचा वास येतो का.
येत होता. थोडा. फिनाईलखालून.

फुलारीबाई हॉल दाखवत होत्या, नवा टीव्ही,
भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर, वार ठळक.
मंगळवार. आज गुरुवार होता.
लिहून घेतलं.

कोपऱ्यात निकुंभकाका,
नोट प्रेसमधून रिटायर झालेले,
अंगठा ओला करून
वर्तमानपत्राचे चौकोन मोजत होते.
नव्व्याण्णववर थांबले. पुन्हा मोजले. नव्व्याण्णव.
"आता गेटवर सोडणार नाहीत,"
हनुवटी थरथरायला लागली.

भांडी टाकून सुगंधा आली,
हात पदराला पुसत वाकली,
खुर्चीखाली शोधलं, कपाटामागे,
खरंच शोधलं.
एक चौकोन आणून हातावर ठेवला.
"जुळला हिशेब, साहेब. सुटी झाली."
काकांनी डबा मागितला.
तिने रिकामा डबा दिला, झाकण घट्ट लावून.

यादीत याला रकाना नव्हता.
वासापुढे मी "आहे" लिहिलं,
आणि यादीत नसलेलं विचारलं:
ही रात्री असते का?

नाही हो,
सहाची सिन्नर गाडी असते तिची.

बाबा घाबरायला लागतात
सातनंतर.