पाच मार्कांची भिंत

प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब:
अजिंठ्याच्या चित्रांसाठी भिंत कशी तयार करत, ते थोडक्यात लिहा.

मी लिहिलं:
खडकावर छिन्नीचे घाव मुद्दाम ठेवत,
त्यावर माती, शेण, भाताचं तूस,
मग चाळलेल्या मातीचा दुसरा थर,
मग चुन्याचा हात, अंड्याच्या कवचाएवढा.
पाचपैकी साडेतीन.

घरी बाबा हात धूत होते.
लोअर परळला तेविसाव्या मजल्यावर
कुणाच्या तरी झोपायच्या खोलीला
फॉल्स सीलिंग घालून आलेले, कोपरापर्यंत पांढरे.
पेपर हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाले, वाच.
मी वाचलं.
आणि वाळायला किती दिवस?
पुस्तकात नाहीये, म्हटलं.
मग दीड मार्क तिथंच गेला.

दुसऱ्या दिवशी स्लाइड्सच्या अंधारात मी हात वर केला.
पडद्यावर कमळ धरलेली बोटं.
बाहेर क्रॉफर्ड मार्केटच्या घारी.
बाई, पहिला थर वाळायला किती दिवस लागत असतील?
फ्रेनी मिस्त्री, एकोणतीस वर्षं शिकवतायत,
त्यांना अडखळताना कुणी पाहिलेलं नाही.
चष्मा काढला.
दीकरी, हे मला कोणी विचारलंच नाय.

त्याच आठवड्यात म्यूरलच्या तासाला
माझा तीन बाय चारचा पॅनल तडकला.
तूस कर्जतच्या गिरणीतून आणलेलं, माती कुंभारवाड्यातली,
तरीही.
वर्गातलं कुणी म्हणालं, असाच दे, कन्सेप्ट म्हणून.
बाई म्हणाल्या, त्यांना बोलाव.

गेटवरच्या वहीत बाबांनी लिहिलं
नाव: मिस्त्री.
कुणाला भेटायचं: मिस्त्री.
वॉचमननं दोनदा वाचलं. चपलांपासून वर बघत गेला.
कसलं काम निघालंय?
मुलीची भिंत तडकलीय, म्हणाले.

कॉरिडॉरमधल्या ग्रीक तरुणापाशी ते थांबले.
एक हात नाही, पोटावर पिढ्यान् पिढ्यांच्या पेन्सिलींचा मळ.
मी सुरू केलं, बाबा, हा साचा आहे, मूळ संगमरवरी,
बघा, सगळा भार कसा एका पायावर
तोवर त्यांनी बरगडीवर टकटक करून कान लावला होता.
पोकळ आहे. काथ्या कमी पडलाय.
खांद्यात सुटत चाललाय.

तीन वर्षं मी तो खांदा काढत होते.
उजेड, अर्धी सावली, पूर्ण सावली.
ती रेघ मला दर वेळी सावलीच वाटली,
आणि दर वेळी तिला चांगले मार्क पडले.

स्टुडिओत ते पॅनलसमोर उकिडवे बसले.
माती चिमटीत घेतली, हुंगली.
घाई केलीस.
मी नाही, सबमिशननं.
तूस मातीत कुजू द्यायचं असतं. घाण वास सुटला की समजायचं, आता झालं.
गावी आम्ही कणग्या लिंपायचो तेव्हा शेजारी भांडायला यायचे.

मिस्त्री बाईंनी वही उघडली होती.
पण दिवस किती, मिस्त्री?
बाबा खाली बघून हसले.
दिवस भिंत सांगते, बाई. अंगठा दाबायचा.
ठसा उठला तर नाही.
ठसा नाही उठला, पण गार लागली,
तरी नाही.

बाईंनी वही बाजूला ठेवली,
अंगठी काढून टेबलावर ठेवली,
आणि वाकून, गुडघा धरत, दाबून पाहिलं.
ठसा उठला.

बाबा जेवायलाही थांबले नाहीत, अर्धा दिवस बुडाला असता.

तो कोपरा मी बुजवला नाही. परीक्षकानं विचारलं, हे काय?
म्हटलं, भिंत ओली होती तेव्हाचं.

आता स्लाइड्सच्या तासाला
बाई कमळाची बोटं दाखवून झाली की
काडी सरकवतात खाली, डावीकडे,
जिथं चित्र गळून पडलंय.
काही बोलत नाहीत.
नीट पाहिलं तर तिथं तूस दिसतं.