एकोणपन्नास

बाबांचा गुडघा बरा होईपर्यंत
हर्णैच्या बर्फ फॅक्टरीत त्यांची रात्रपाळी माझी.
काम एवढंच: कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की उठायचं.
आवाज बदलत नाही.
म्हणून हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर
प्रोग्राम लिहीत बसते:
संख्या द्या, मूळ आहे का सांगतो.

अकरा ओळी.
दोनपासून भाग देत जा. बाकी उरली नाही
तर थांब, म्हण: फुटली.
वर्गमुळाशी पोचेतो दर वेळी काहीतरी उरलंच
तर म्हण: मूळ.

सात दिली, मूळ. तेरा, मूळ.
पंधरा फुटली. एकशे एक, मूळ.
झालं, म्हटलं. थर्मासमधला चहा ओतला.

पहाटे चारला खलफेचाचा बर्फ न्यायला आले,
पायजम्याला गुडघ्यापर्यंत वाळू.
एकोणपन्नास टोपल्या सुरमई, नुकत्याच गाडीतून उतरलेल्या.
बैल अजून पाण्यातच उभे.
मी सहज टाकली: एकोणपन्नास.
मूळ, म्हणाला पडदा.
"म्हंजे काय गो?"
"म्हणजे सारख्या रांगा लागत नाहीत, चाचा.
कशाही मांडा, शेवटची रांग अपुरी."

ते काही बोलले नाहीत.
टॉर्च काखेत धरून बाहेर गेले,
पोरांना हाका मारल्या.
मी खिडकीतून पाहिलं:
ओल्या वाळूवर सात, त्याखाली सात, त्याखाली सात,
कोपरे असे जुळलेले की वर चादर अंथरावी.

"सात साते," आत येत म्हणाले.
"चौथीत शाळा सुटली, पण हे त्याआधीच झालं होतं."

चूक एका चिन्हाची होती.
वर्गमुळापेक्षा कमी, एवढंच मी लिहिलं होतं;
"किंवा तेवढंच" राहून गेलं होतं.
सहापर्यंत चालत जाऊन लूप माघारी फिरलं,
सातच्या दारात पाऊल न टाकता.
चार, नऊ, पंचवीस, एकशे एकवीस,
मूळ म्हणून मिरवत होत्या सगळ्या,
कारण उत्तराची खात्री होती
तिथंच मी प्रश्न विचारत होते.

खाऱ्या हवेनं "बरोबर"चं बटण अडकतं.
तीनदा दाबलं.

मग मी माझ्याच प्रोग्रामच्या वाईटावर उठले.
एक दिली. मूळ म्हणाला. नाही रे बाबा.
शून्य दिली. उणे पाच दिली, तेव्हा तर बंदच पडला.
एक्क्याण्णव दिली, जी दिसते साधी सरळ
आणि पोटात सात तेरे घेऊन बसते.
फुटली.
उजाडेपर्यंत अकराच्या एकोणीस ओळी झाल्या,
त्यातल्या आठ
फक्त येऊ नये ते आलं तर काय, यासाठी.

दुसऱ्या रात्री चाचा पुन्हा.
"माझ्या बोटीचा नंबर घाल. सतराशे नऊ."
लूप एक्केचाळीसपर्यंत गेलं, दर वेळी काहीतरी उरत गेलं.
मूळ.
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं
मी हातानंही भागून पाहिलं,
आता एकट्या पडद्याचं ऐकत नाही.
"वाळूवर मांडू?" त्यांनी विचारलं.
"सतराशे टोपल्या आणणार कुठून?"
"ते पण खरं."

बोट तीन भावांच्या नावावर,
केस दापोलीला, सहावं वर्ष.
माझ्या भागाकारांनी भरलेली पावती
त्यांनी उचलली, दोनदा घडी घातली, खिशात ठेवली.
"वकिलाला दाखवतो," म्हणाले,
"म्हणावं, बघ.
वाटून होत नाही."