कर्ता

लक्ष्मीपुरीत, भूपालअण्णांच्या छापखान्यात
तिसरं प्रूफ तपासतोय.
चरित्र आहे, बर्लिनमधल्या एका बड्या अधिकाऱ्याचं.

बाप औषधविक्या. आई चर्चमध्ये पेटी वाजवायची.
पोरगा हुशार, लॅटिनमध्ये पहिला.
‘त्याने मधमाश्या पाळल्या.
चावली तरी त्याने एकही मारली नाही.’
पान बावीस.
पुढं वकिली, पक्ष, गणवेश,
रेल्वेचं वेळापत्रक, हिरव्या शाईतली सही.

पान एकशेचाळीस :
‘चार गावांतील लोक हलवण्यात आले.’
ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. पूर्णविराम जागेवर.

आई वळिवड्याच्या कॅम्पात अंडी विकायची.
पोलंडच्या बायका होत्या तिथं, लढाईच्या काळात.
त्यातली सोफिया रोज सात अंडी घ्यायची.
बराकीत माणसं दोन : ती आणि लेक.
तिला हाकललं होतं दुसऱ्याच राजवटीनं,
सायबेरियाच्या बर्फातून ती इथवर आलेली.
बहिणीचं पाच जणांचं बिऱ्हाड तेवढं मागं राहिलं,
अशाच कुठल्यातरी गावात.
आई सांगायची,
“मोजताना चुकत न्हवती बाई.
सातापतोरच मराठी शिकली हुती.”
उरलेली पाच
संध्याकाळी शेजारच्या पोरांत वाटून टाकायची.

समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं : कर्ता?

अण्णा दारात. “मास्तर, मशीन थांबलंय.”
कागद डोळ्यांजवळ धरून बघतात.
“मुळात न्हाई तर आपण कुठनं घालायचा?”

खरं आहे.
मी पान बावीस पुन्हा काढतो.
मधमाश्यांच्या वाक्यात
‘त्याने’ दोनदा आलंय.