जागच्या जागी

दोन मोटरी समोरासमोर,
मधे एकच दांडा.
एक ओढते, दुसरी अडवते,
आणि अडवता अडवता मिळालेली वीज
पहिलीकडे धाडते,
शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये तशी.

पडद्यावर आकडा: एक लाख ऐंशी हजार किलोमीटर.
गाडी नाही, चाक नाही,
लोखंडी बैठक सुतभरही सरकलेली नाही.

बाहेर चेम्निट्झ, डिसेंबर, पहाटेचे तीन.
समोरच्या इमारतीत खिडकीखिडकीत
लाकडी कमानीवर सात दिवे.
दिवसभर खाणीत असलेल्या माणसांना
निदान घरी उजेड दिसावा,
अशी इथली जुनी रीत.
खाणी मिटल्या. दिवे लागतात.

हाइडरून कॉफीत तीन चमचे साखर घालते,
डॉक्टरला एक सांगते.
तीस वर्षं डिझेल इंजिनं तपासली तिनं;
काचेपलीकडून नुसतं ऐकून म्हणायची,
तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.
त्याच इंजिनांनी तिचा डावा कान खाल्ला,
आणि उजव्यातले वरचे सूर.

"ही नवी यंत्रं मुकी, फाल्को."
मुकी नाहीत.
इन्व्हर्टर सेकंदाला दहा हजार वेळा उघडझाप करतो,
त्याची डासासारखी शिट्टी
माझ्या तेवीस वर्षांच्या कानांत टोचत राहते.
मी मान डोलावतो.
कुणाचं काय गेलं
ते त्यालाच मोजून का दाखवायचं?

भार वाढवला. थंड पाणी, मग गरम,
परत थंड.
सगळे आकडे हिरवे.

ती उठली. हातमोजा काढला,
कोठीच्या दाराच्या चौकटीवर तळवा टेकवला.
तिचे आजोबा असाच खडकाला हात लावायचे म्हणे,
आत पाऊल टाकण्याआधी.

"थांबव."
"सगळं हिरवं आहे."
"थांबव म्हटलं ना."

लाल बटण.
आठशे व्होल्ट उतरायला पाच मिनिटं.
पडद्यावर शून्य आलं तरी
ती घड्याळाकडेच बघत राहिली,
शून्यावर तिचा विश्वास नाही.

सकाळी बेअरिंग कापलं.
आतल्या वाटेवर बारीक, सारख्या अंतरावरच्या रेघा,
नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारख्या.
वाट चुकलेली वीज
दांड्यातून तेलाच्या पापुद्र्यावर उडी मारत होती,
ठिणगी ठिणगी,
एक लाख ऐंशी हजार किलोमीटर.

अहवालात तिनं लिहिलं, नापास.
ठळक अक्षरात, जरा खुशीतच.
दहा वाजता गिऱ्हाइकाचा फोन येईल,
कोणीतरी सोमवारची तारीख ओरडून सांगेल.
"सांगू दे," ती म्हणाली,
"घाटात कुणाची तरी गाडी गुरगुरण्यापेक्षा
माणूस गुरगुरलेला बरा."

मग एकदम, पेला विसळता विसळता,
"तुला तो आवाज येतो ना? कसा आहे?"

म्हणजे तिला ठाऊक होतं.

मी ओठांनी करून बघितला, जमेना.
बोट ओलं केलं,
पेल्याच्या काठावरून फिरवलं.
ती उजवा कान घेऊन पुढे झुकली.
"हा येतोय मला."
"याच्याहून वर."
"किती वर?"

मी हात उचलला,
दिव्यापर्यंत, छतापर्यंत,
टाचा उंचावून.
ती बघत राहिली,
माझ्या बोटांच्या टोकांकडे.